वाऱ्याचा मार

मंगळवार, ४ मार्च

कामावर मला रोज टिपण लिहावं लागतं. कुठली वस्तू, तडा कुठे, काय लावलं, सुकायला कधी ठेवलं. घरचं असं कधी लिहिलं नाही. घरचं सांगायला मास्तर होते. आज ते हॉस्पिटलमध्ये आहेत, म्हणून वही काढली.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत भाषा शिकवतात. लग्नाआधी मी चेष्टेने मास्तर म्हणायचे, पुढे चेष्टा सुटली आणि नाव राहिलं.

दुपारी शाळेतून फोन आला. नववीच्या वर्गात कुणीतरी 'वाताहत' या शब्दाचा अर्थ विचारला. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, वात अधिक आहत. म्हणाले, "वात म्हणजे वारा. आहत म्हणजे मार बसलेला. वाऱ्याचा मार बसलेलं, ते वाताहत." आणि थांबले. मुलांना वाटलं, पुढचं आठवतायत. मग ते भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसले आणि उठले नाहीत.

मी पोचले तेव्हा वर्ग रिकामा होता. कुणीतरी पंखा बंद केला होता. मी म्हटलं, "मास्तर, चला."

ते म्हणाले, "डस्टर सापडत नाहीये."

डस्टर त्यांच्या मांडीवर होतं. मी ते उचललं आणि फळा पुसला. का पुसला, कोण जाणे. मग ते उठले.

संध्याकाळी वन्संना फोन केला. मास्तरांची मोठी बहीण. कोसळले, असं सांगितलं. "कोसळला म्हणजे? डोक्याला लागलं का?"

"लागलं नाही. बसले."

"बसला? मग बसलेल्या माणसाला हॉस्पिटलात कशाला नेलंस?"

डॉक्टरांनीही विचारलं होतं, मनाचं हे दुखणं बऱ्याच महिन्यांपासून चालू असणार, तुम्हाला काही जाणवलं नाही का. मी म्हटलं, हल्ली कमी बोलायचे. मला वाटलं, घसा.

गुरुवार, ६ मार्च

काही आठवडे ठेवून घेणार आहेत. भेटायला शुक्रवारी जायचं. त्यांचा कप धुऊन कपाटात मागच्या बाजूला ठेवला. रडू येईल म्हणून ठकीला बाहेर पाठवलं, दार लावलं, बसले. आलं नाही. मग कपडे वाळत घातले.

ठकी म्हणजे आमची मुलगी. सोळा वर्षांची, परीक्षा तोंडावर.

संग्रहालयात रांजण आला आहे. वरच्या गोदामातली फळी तुटली आणि तिच्यावरचा हा थेट खाली आला. तीन पेट्या भरून खापऱ्या. माझं काम हेच, फुटलेली मातीची भांडी जोडणं. खापऱ्यांच्या कडा मऊ ब्रशने साफ करायच्या, टेबलावर मांडायच्या, जाडी बघायची, रंग बघायचा. आतल्या अंगाला कुंभाराच्या बोटांच्या रेघा असतात, त्या कुठे वळतात ते बघायचं. मग गोंद न लावता, नुसत्या चिकटपट्टीने, अख्खं भांडं एकदा उभं करून बघायचं. ही रंगीत तालीम. तिच्यात कुठली खापरी कुणाच्या आधी जाणार ते ठरतं. गोंद त्यानंतर.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, विचारलं, "एप्रिलच्या प्रदर्शनात होईल ना? नाहीतर सुट्टी घेता का थोडी?"

मी म्हटलं, सुट्टी नको. होईल.

रविवार, ९ मार्च

वन्सं आल्या. एक मोठी बॅग, एक छोटी बॅग, एक उशी. "माझ्या मानेला दुसऱ्याची उशी चालत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "तू अशी वाळलीस काय गं?" तिसरं त्यांनी मला कुशीत घेऊन काहीतरी म्हटलं, ते त्यांच्या पदरात गेलं, मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बाह्या सरसावून म्हणाल्या, "हे बघ, माझ्या भावाला काय झालंय ते डॉक्टर बघतील. घराची वाताहत होऊ द्यायची नाही, एवढं मात्र आपल्या हातात आहे."

ठकीने माझ्याकडे बघितलं. मी ताटं पुसत होते. पुसत राहिले.

मास्तर असले की जेवताना रोज एका शब्दाची कुळकथा असते. हा कुठल्या गावचा, याचे आईबाप कोण, कुणाच्या संगतीने बिघडला. ठकी कंटाळायची. आज ती म्हणाली, "बाबा नसला की जेवण किती लवकर संपतं."

शनिवार, १५ मार्च

आज बरीच कामं झाली.

मास्तरांची खोली ठकीला अभ्यासाला दिली. ती दिवाणखान्यात बसायची, तिथे वन्संचा फोन अखंड चालू. मास्तरांचं टेबल तिला उंचीला बरोबर झालं. पुस्तकं खोक्यांत भरून सुतळीने बांधली, पोटमाळ्यावर टाकली. जाडा शब्दकोश तेवढा वर गेला नाही. वन्संच्या पलंगाचा एक पाय हलतो, त्याखाली तो अगदी नेमका बसला.

वन्संचा पलंग म्हणजे आमचाच. सोफ्यावर त्यांची पाठ धरते. मास्तरांच्या बाजूला त्या झोपतात, माझ्या बाजूला मी. घोरतात. वाईट नाही वाटत. रिकामी खोली खायला उठते म्हणतात, तसं होत नाही.

जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. तिघींना तसं सोयीचं पडतं, वावरायलाही जागा होते. चौथी खुर्ची वन्संच्या उशाशी, औषधं ठेवायला. कचरा खाली नेणं, दाराला कुलूप घालणं, गच्चीतल्या झाडांना पाणी, ही मास्तरांची कामं. ठकीने कचरा घेतला, वन्संनी झाडं, मी कुलूप. ग्लास वरच्या फळीवर होते, वन्संचा हात पोचत नाही, ते खाली ओट्याशेजारच्या खणात आणले. चपलांच्या मांडणीतही जागा करून दिली.

रात्री वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बसली बाई घडी एकदाची."

खरंच बसली. मला वाटलं नव्हतं एवढं.

रांजणाला कालपासून गोंद लावायला घेतला. तालीम केली नाही. वेळ नाही, आणि इतक्या वर्षांनी हाताला कळतंच. तळ उभा राहिला आहे. वाळूच्या परातीत ठेवला आहे.

शुक्रवार, २१ मार्च

भेटले. हॉस्पिटलच्या आवारात बाक आहे, त्यावर बसलो. मास्तरांची दाढी वेगळ्याच कुणीतरी केल्यासारखी, एका बाजूला जास्त. स्वेटर उलटा. मी सांगितलं नाही.

"ठकी?"

"अभ्यास करते. तुमच्या खोलीत बसते. छान एकाग्रता होते म्हणते."

"ताई आलीय ना?"

"हो. सगळं त्यांनी हातात घेतलंय. मास्तर, तुम्ही घरची काळजी अजिबात करू नका. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही."

त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "छान."

त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असावं. डॉक्टरही म्हणाले होते, घरचा ताण त्यांच्यापर्यंत येऊ देऊ नका.

निघताना म्हणाले, "मुलांना व्युत्पत्ती सांगितली. अर्थ सांगायचा राहिला."

"दुसरं कुणीतरी सांगेल आता. तुमच्या वर्गावर नवीन बाई आल्यात. चांगल्या आहेत म्हणे."

त्यांनी मान हलवली. मी येताना बसमध्ये बसून होते, तर स्टॉप मागे पडला. काही विचार करत होते असंही नाही.

बुधवार, २६ मार्च

विशेष काही नाही. रांजण पोटापर्यंत आला. पोटाचा फुगवटा अवघड असतो, पण सरळ चढला.

वन्सं आणि ठकीचं भांडण झालं. ठकी म्हणाली, "आत्या, तू झाडांना इतकं पाणी घालतेस की ती पोहायला शिकतील." वन्सं म्हणाल्या, "तुझ्या बापाने त्यांना उपाशी मारली होती, मी जेवू घालतेय." मग दोघी हसल्या. मीही हसले असावे, कारण ठकी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, नुसते दात दाखवू नकोस."

बुधवार, २ एप्रिल

डॉक्टरांचा फोन. शनिवारी घरी सोडणार. औषधं चालू राहतील, शाळा इतक्यात नाही, पण घरी असलेलं बरं.

रात्री तिघी बसलो. झोपणार कुठे, हा प्रश्न आला. वन्सं म्हणाल्या, "मी सोफ्यावर जाते." मी म्हटलं, तुमच्या पाठीचं काय होईल, नको. शिवाय त्या एवढ्यात जाणार नाहीत, आणि जाऊ नयेत असं मलाच वाटतं. ठकी म्हणाली, "मी खोली देते की." पण शेवटचे पेपर महिनाअखेरपर्यंत आहेत. शेवटी शेजाऱ्यांकडून घडीचा पलंग आणायचं ठरलं. दिवाणखान्यात, खिडकीखाली. उजेड आहे, हवा आहे.

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," वन्सं म्हणाल्या.

कुणीच वाईट वागलं नाही. प्रत्येकजण आपली जागा द्यायला तयार होतं. हे लिहून ठेवते.

शनिवार, ५ एप्रिल

आले.

दारात बूट काढून हातात धरून उभे राहिले. मांडणीत त्यांच्या खणात वन्संच्या सपाता होत्या. त्यांनी बूट बाहेर पायपुसण्याशेजारी नीट जोडून ठेवले, पाहुणे ठेवतात तसे.

वन्सं रडल्या. ठकीने मिठी मारली आणि मग काय बोलावं न सुचून पेपरात काय आलं होतं ते सांगत बसली. मास्तरांनी ऐकलं. वरच्या फळीकडे हात नेला, तिथे आता डबे आहेत. हात तसाच खाली आणला. मला म्हणाले, "ग्लास कुठे ठेवता तुम्ही आता?"

मी उठून पाणी दिलं.

नंतर मास्तर कचरा न्यायला गेले, तर ठकी आधीच नेऊन आलेली. गच्चीत गेले, तर झाडांखाली पाण्याची तळी. चहा ठेवायला गेले. वन्सं म्हणाल्या, "तू बस रे." मी म्हटलं, "तुम्ही बसा." ठकी म्हणाली, "बाबा, तू बस ना."

बसले. दिवसभर खिडकीखाली बसून होते. जेवायला टेबलाशी चौथी जागा नव्हती, म्हणून मी त्यांचं ताट पलंगावर नेऊन दिलं. आराम पडतो.

बॅग उघडली नाही. पलंगाखाली सारून ठेवली आहे.

बुधवार, ९ एप्रिल

कामावर वाईट झालं. आधी ते लिहिते.

रांजणाची एकच खापरी राहिली होती, खांद्याजवळची, तळहाताएवढी. फोटो काढायला छायाचित्रकार येऊन थांबला होता. मी खापरी लावायला घेतली. जाईना. फिरवली, आतून घातली, बाहेरून घातली. भोक तिच्याच आकाराचं, कडा तिच्याच. तरी एका बाजूने बसली की दुसऱ्या बाजूने वर येते.

"जरा घासा की कडेला," तो म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"खापरी घासत नाहीत."

"पण चूक तिचीच आहे ना? बाकी सगळं तर बसलंय."

"तिची नाही. ती आहे तशी आहे. बाकीच्यांनी तिची जागा खाल्ली."

त्याला वाटलं, मी गंमत करते. मी समजावून सांगितलं. प्रत्येक सांध्यात केसभर फरक राहतो. तो दिसत नाही. प्रत्येक खापरी म्हणते, मी बरोबर बसलेय. तळापासून वर येताना केस केस जमत जातो, आणि शेवटी जी राहते तिच्या वाट्याला तो सगळा येतो. तालीम यासाठीच करायची असते.

"मग आता?"

"सोडवायचं. पार खालपर्यंत."

तो म्हणाला, "बाई, भोक भिंतीकडे करा आणि ठेवा प्रदर्शनात. सुंदर दिसतोय." आणि कॅमेरा घेऊन गेला. रांजण खरंच सुंदर दिसत होता. मी खापरी हातात धरून बराच वेळ बसले. ती कुठेही उडालेली नव्हती, चिरलेली नव्हती. एवढ्या उंचावरून पडून तिला काही झालेलं नव्हतं.

घरी आले. मास्तर म्हणाले, "तुला वेळ आहे का थोडा?" हल्ली ते असंच विचारतात. बाथरूमला जाऊ का, दिवा लावला तर चालेल का.

म्हणाले, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडे एक खोली रिकामी आहे. बाहेरच्या बाजूला, स्वतंत्र. तो ये म्हणतोय. "तुमचं सगळं मार्गी लागलंय. उगाच माझी अडचण. रविवारी जावं म्हणतो."

मी विचारलं, "किती दिवस?"

"बघू."

मी म्हटलं, तुम्हाला तिथे बरं वाटणार असेल तर जा.

ते म्हणाले, "छान."

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी मोठ्या बाईंना सांगितलं, रांजण सोडवावा लागेल.

"अहो, उद्घाटन आठवड्यावर आलंय. भोक मागे करून ठेवा ना. लोक समोरूनच बघतात."

"मग ती खापरी कुठे ठेवू?"

"डब्यात. चिठ्ठी लावून. नंतर बघू."

मी नाही म्हटलं. मी त्यांना याआधी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. मी सोडवायला घेतलं.

आम्ही वापरतो तो गोंद परत सुटणारा असतो. मुद्दामच तसा घेतात, कारण चुका होतात. सांध्यांवर द्रवात भिजवलेला कापूस ठेवायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि थांबायचं. ओढायचं नाही, ओढलं तर कड जाते. नखांचा रंग काढतात तसला वास खोलीभर होतो, म्हणून मी खिडकी उघडली. मग थांबणं एवढंच काम उरतं. त्या वेळात हात रिकामे असतात. मला घर दिसायला लागलं, तळापासून वरपर्यंत, ज्या क्रमाने आम्ही ते बसवत गेलो त्या क्रमाने. कप. खोली. पलंग. टेबल. ग्लास. सगळं चांगल्या मनाने केलेलं. कुठेच केसाहून जास्त फरक नव्हता.

दुपारी पहिली खापरी आपोआप हातात आली. बाकीच्या गुंडाळून ठेवल्या आणि घरी निघाले.

मास्तर खिडकीखाली बसले होते. बॅग पलंगाखालून बाहेर आलेली, भरलेली. मी पदर खोचला आणि जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढलं. पाय घासून मोठा आवाज झाला. वन्सं धावत आल्या.

"अगं, काय चाललंय?"

"वन्सं, ती खुर्ची लागेल. औषधं खाली ठेवते."

"आत्ता?"

"आत्ता."

मग मी थांबलेच नाही. ओट्याशेजारचा खण रिकामा केला, ग्लास सगळे वर काढले. पोटमाळ्यावरून खोकी ओढली, सुतळी तुटली, पुस्तकं घरंगळली. ठकी पेन हातात घेऊन दारात आली, दोन मिनिटं बघत राहिली, मग आत जाऊन स्वतःच्या वह्या टेबलावरून गोळा करून आणून जमिनीवर टाकल्या. मी तिला काही सांगितलं नव्हतं. वन्संच्या पलंगाखालून शब्दकोश काढला, तशी पलंगाने मान टाकली आणि वन्संची उशी खाली लोळली.

"अगं ही काय वाताहत केलीस घराची?" वन्सं म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. "एवढी घडी बसवली होती गं आपण."

"चांगली बसवली होती वन्सं. यांच्या आधी बसवली."

त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग त्यांच्या दाराबाहेरच्या बुटांकडे. आणि गुडघ्यांवर हात ठेवून पायातल्या सपातांकडे बघत स्टुलावर बसल्या.

मी शब्दकोश हातात घेऊन खिडकीपाशी गेले. त्याच्यावर पलंगाच्या पायाचा गोल वळ उठला होता. म्हटलं, "मास्तर, तुमचा अर्थ सांगायचा राहिला होता."

त्यांनी कोश घेतला नाही. खोलीभर बघितलं. उपडी खोकी, वह्या, जमिनीवर ग्लास, भिंतीपासून तिरकं अडकलेलं टेबल, मधोमध आम्ही तिघी. मला वाटलं, आता ते त्या दिवसासारखे खाली बसतील.

म्हणाले, "हे असं."

मग म्हणाले, "काही फुटलंय का यातलं?"

ठकीने इकडेतिकडे बघितलं. "नाही. उशीला थोडी धूळ लागली."

"माझ्या उशीला?" वन्सं उठल्या.

मास्तर उठले. टेबलाचं दुसरं टोक धरलं आणि माझ्याकडे बघितलं. पूर्वी सामान हलवताना बघायचे तसं, आधी कोण मागे सरणार ते ठरवायला.

"कुठे?" ते म्हणाले.

"माहीत नाही. आज काहीच पक्कं करायचं नाही. ठेवून बघू."

आम्ही ते टेबल खोलीत इकडून तिकडे चारपाच वेळा नेलं. मध्येच कधीतरी माझे डोळे वाहायला लागले. हात टेबलाला, म्हणून पुसता आले नाहीत.

आता सगळे झोपले आहेत, जिथे जागा मिळाली तिथे. वन्सं ठकीच्या शेजारी, भांडत भांडत गेल्या. रविवारचं मास्तर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. बॅग भरलेलीच आहे. ग्लास कुठे ठेवायचे ते ठरलेलं नाही. आज ते ओट्यावरच आहेत, सगळ्यांना दिसतील असे.